बिल्टीवर सही कुणाची?

हुंडेकरी हा आपल्याकडचा जुना शब्द. ठरलेल्या रकमेत माल पोचवून देण्याची हमी घेणारा तो हुंडेकरी. वाटेतली जकातही त्यानेच भरायची. गावातही रीत तीच होती. चोरी झाली की पहारेकऱ्याने माग काढायचा, माग शेजारच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. बेळगाव भागात हे काम तळवाराकडे असे. माल गेला तर कुणाला धरायचं, हे आधीच ठरलेलं असायचं.

इंग्रजी कायद्यानेही माणूसच धरला. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 407 विश्वासाने सोपवलेला माल लाटणाऱ्या वाहतूकदारासाठी होतं. 1865 च्या कायद्याने मालाची भरपाई वाहतूकदारावर टाकली. त्याची जागा 2007 च्या कायद्याने घेतली.

रस्त्यावर मात्र हा भार ड्रायव्हर-क्लीनर वाहतात. लोड गाडी घाट चढताना रांगायला लागते, तेव्हा मागून चढायचं, ताडपत्री फाडायची आणि पोती खाली सोडायची, ही चोरीची जुनी तऱ्हा. निपाणीजवळच्या स्तवनिधी घाटात गाडी हळू झाली की क्लीनरचं लक्ष आरशात असतं. ढाब्यावर गाडी लागली की तो आधी दोराच्या गाठी चाचपतो, मग चहा घेतो. आणि एवढं करून माल गेलाच, तर पहिला संशय या दोघांवर. हा अन्याय आहे, आणि वर्षानुवर्षं चालत आला आहे.

2017 मध्ये जीएसटी आला आणि सीमेवरचे विक्रीकर नाके उठले. 2018 पासून 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं ऑनलाइन काढलेलं बिल, लागू लागलं. कागद मोबाइलवर गेले. गाठी अजून हातानेच चाचपाव्या लागतात.

अमेरिकेत 2025 मध्ये अरोरा कंपनीचे ट्रक डॅलस-ह्यूस्टन मार्गावर ड्रायव्हरविना माल नेऊ लागले. उभी गाडी ही चोराची सोय, आणि यंत्राला झोपेसाठी थांबावं लागत नाही, हा त्यातला खरा फायदा. पण पुढे आडवं काही आलं की असा ट्रक सुरक्षेसाठी थांबतो, हे चोरालाही कळतं. शिवाय तिकडची चोरी रस्त्यावरून कागदावर सरकली आहे: खोट्या नावाने वाहतूकदार बनायचं आणि गोदामातून रीतसर माल भरून न्यायचा. मालचोरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्गोनेटने 2024 मध्ये अमेरिका-कॅनडात 3,625 घटना नोंदल्या.

विनाचालक गाड्यांना भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरींनी 2017 मध्येच सांगितलं. कारण दिलं रोजगाराचं, आणि ते रास्तच आहे. पण बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, आज ड्रायव्हर जिथे सही करतो, तिथे उद्या कुणाची सही घ्यायची, गाडीमालकाची, ट्रक बनवणाऱ्याची की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची, हे आधी ठरायला हवं.