मिराबाल भगिनी : ऐतिहासिक कादंबरीतील चित्रण

डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो (सत्ताकाळ १९३०–६१) याच्याविरुद्धच्या भूमिगत चळवळीत उतरलेल्या व त्यासाठी मारल्या गेलेल्या तीन बहिणी : पात्रिया (१९२४–६०), मिनेर्वा (१९२६–६०) आणि मारिया तेरेसा (१९३५–६०). चौथी बहीण देदे (१९२५–२०१४) चळवळीत सामील नव्हती व ती मागे राहिली. ज्यूलिया अल्वारेझ यांची ‘इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज’ (१९९४) ही इंग्रजी कादंबरी या चौघींवर आहे. हुकूमशाहीतील स्त्रियांच्या धैर्याचा ऐतिहासिक कादंबरीने घेतलेला वेध म्हणून तिची चर्चा सर्वाधिक झाली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या कादंबरीचा आणि इतिहासाशी असलेल्या तिच्या नात्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : मिराबाल कुटुंब देशाच्या उत्तरेकडील सिबाओ प्रदेशात साल्सेदोजवळील ओहो दे आग्वा या गावचे. वडील एनरिके हे व्यापारी व जमीनदार होते. मुली ला व्हेगा येथील कॅथलिक निवासी शाळेत शिकल्या. जून १९५९ मध्ये क्यूबातून निघालेल्या निर्वासित बंडखोरांनी देशात उतरून केलेला उठाव चिरडला गेला. त्या १४ जूनच्या आठवणीने जानेवारी १९६० मध्ये ‘१४ जून’ ही भूमिगत संघटना उभी राहिली. मिनेर्वाचा पती मानोलो ताव्हारेस हुस्तो हा या संघटनेचा नेता होता. काही दिवसांतच धरपकड झाली व मिनेर्वा आणि मारिया तेरेसा यांना तुरुंगवास घडला. त्या ऑगस्ट १९६० मध्ये सुटल्या, पती मात्र कैदेतच राहिले. २५ नोव्हेंबर १९६० रोजी पुएर्तो प्लाताच्या तुरुंगात पतींची भेट घेऊन परतताना तिघी बहिणी व त्यांचा वाहनचालक रुफिनो दे ला क्रूस यांना लष्करी गुप्तहेर खात्याच्या माणसांनी अडवून ठार केले. अपघात भासावा म्हणून जीप मृतदेहांसह कड्यावरून लोटण्यात आली. ३० मे १९६१ रोजी त्रुहियोची हत्या झाली. बहिणींच्या हत्याकांडाने त्याच्याविरुद्धचे लोकमत निर्णायकपणे फिरवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कादंबरीची घडण : अल्वारेझ यांचा जन्म न्यूयॉर्कचा (१९५०), बालपण डोमिनिकन प्रजासत्ताकातले. वडील त्रुहियोविरोधी कारस्थानात गुंतल्याने कुटुंबाला ऑगस्ट १९६० मध्ये देश सोडावा लागला, म्हणजे हत्याकांडाच्या सुमारे चार महिने आधी. कादंबरीतील बहिणी कल्पनेतून घडलेल्या आहेत, मात्र खऱ्या मिराबालांच्या वृत्तीशी त्या इमान राखतील अशी आशा आहे, असे लेखिकेने पश्चलेखात म्हटले आहे.

निवेदन चौघींत वाटलेले आहे. मिनेर्वा व पात्रिया प्रथमपुरुषी बोलतात, मारिया तेरेसाचा भाग रोजनिशीच्या रूपात आहे. देदेची प्रकरणे मात्र तृतीयपुरुषी असून उपसंहारातच तिला ‘मी’ मिळतो. हा केवळ तंत्राचा भाग नसावा. जिवंत राहिल्याचे ओझे वाहणारी बाई स्वतःच्या आवाजात सर्वांत शेवटी बोलू लागते, हे कादंबरीतील सर्वांत विचारपूर्वक केलेले काम होय.

चपराकीचा प्रश्न : कादंबरीतील सर्वांत गाजलेला प्रसंग ऑक्टोबर १९४९ मधील मेजवानीचा आहे. सान क्रिस्तोबाल येथे त्रुहियोने दिलेल्या या समारंभाला मिराबाल कुटुंबाला बोलावणे होते, ही बाब निर्विवाद आहे. नाचताना त्रुहियोने मिनेर्वाशी लगट केली व तिने त्याला झिडकारले, याबद्दलही फारसा मतभेद नाही. तिने त्याच्या थोबाडीत मारली का, हा वादाचा मुद्दा आहे. कादंबरीत मिनेर्वाचा हात जणू आपणहून उठतो आणि त्रुहियोच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर पडतो. लोकस्मृतीतही ही चपराक पक्की बसलेली आहे. कुटुंबीयांच्या आठवणींत व चरित्रपर लेखनात मात्र भर वेगळ्या गोष्टीवर आहे : पाऊस आला आणि यजमान बसलेला असतानाच कुटुंब निघून गेले. त्रुहियोच्या आधी मेजवानी सोडणे हाच त्या राजवटीत मोठा अपराध होता. त्यानंतर वडिलांना अटक झाली, मिनेर्वा व आई यांना राजधानीतील एका हॉटेलात अडकवून ठेवण्यात आले. पेरिक्लेस फ्रांको या साम्यवादी तरुणाला त्रास देऊ नये, असे मिनेर्वाने नाचतानाच सुचवले, असेही सांगितले जाते.

चपराक ही नंतर जोडली गेलेली दंतकथा असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तशी ती बसली असती, तर कुटुंबाची सुटका इतक्या लवकर झाली असती हे संभवत नाही. कादंबरीकाराला ही मुभा नाकारण्याचे कारण नाही, पण एका क्षणाच्या चपराकीपेक्षा पुढची वर्षे मिनेर्वाच्या धैर्याची अधिक खरी साक्ष देतात. राजवटीचे अडथळे सोसत तिने सांतो दोमिंगो विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली (१९५७), आणि वकिलीची सनद तिला नाकारण्यात आली. कादंबरीत विद्यापीठप्रवेशाच्या परवानगीसाठी ती त्रुहियोशी पैज लावून फासे टाकते. हा प्रसंग कल्पित आहे.

भय आणि धैर्य : कादंबरीतील धैर्य चौघींत चार प्रकारचे आहे. पात्रिया श्रद्धाळू, लवकर लग्न झालेली गृहिणी. जून १९५९ मध्ये डोंगरात प्रार्थना-शिबिराला गेली असता स्वतःच्या मुलांच्या वयाचा एक बंडखोर डोळ्यांसमोर मारला गेलेला ती पाहते आणि घर चळवळीला देते. आईपणातून आलेला हा निर्धार बहुधा कादंबरीतला सर्वांत पटणारा बदल आहे. मारिया तेरेसा प्रेमापोटी चळवळीत ओढली जाते. तिच्या तुरुंगातील रोजनिशीत छळाच्या नोंदीची पाने फाडलेली व नावे खोडलेली आहेत. अमेरिकी राज्यांच्या संघटनेचे पथक तुरुंगात येते तेव्हा ती ‘१४ जून’ संघटनेचे निवेदन गुपचूप पोहोचवते, स्वतःवरील छळाची हकीकत मात्र स्वतःपाशीच ठेवते.

मिनेर्वाचा भाग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तुरुंगात ती माफी नाकारते, कारण माफी घेणे म्हणजे अपराध कबूल करणे. पण घरी नजरकैदेत आल्यावर तिला माणसांची, आवाजांची धास्ती वाटू लागते, आणि लोक तिच्याकडे वीरांगना म्हणून पाहतात तेव्हा ती हसरा चेहरा वागवते. स्मारकातील मूर्तीला हे भय नसते, ते कादंबरीच देऊ शकते. हत्या कादंबरीत प्रत्यक्ष दाखवलेली नाही. बहिणी डोंगराच्या रस्त्याला लागतात आणि मिनेर्वाचे निवेदन थांबते. प्रत्यक्षात मारेकऱ्यांवर १९६२ मध्ये खटला चालून शिक्षा झाल्या. ते १९६५ च्या यादवीत तुरुंगातून निसटले.

समीक्षा व इतर साहित्य : कादंबरीवर टीकाही झाली. समीक्षक रोबेर्तो गोन्सालेस एचेव्हारिया यांनी तिच्या भावुकतेवर बोट ठेवले. हा आक्षेप पूर्वार्धातील शाळकरी प्रकरणांना काही अंशी लागू पडतो. कादंबरीवरील चित्रपट २००१ मध्ये आला. याच विषयावर पेद्रो मीर यांची ‘आमेन दे मारिपोसास’ (१९६९) ही दीर्घ कविता त्याआधीची आहे. मारियो व्हार्गास योसा यांच्या त्रुहियोच्या राजवटीवरील ‘ला फिएस्ता देल चिव्हो’ (२०००) या कादंबरीत उरानिया ही कल्पित स्त्री ३५ वर्षांनी देशात परतून आपल्यावरील अत्याचार प्रथमच बोलून दाखवते. तिथे धैर्य बंडात नसून कथनात आहे. देदेचे आठवणींचे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्मृती : बोगोता येथील १९८१ च्या लॅटिन अमेरिकी स्त्रीवादी परिषदेत २५ नोव्हेंबर हा दिवस स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधासाठी ठरवण्यात आला. संयुक्त राष्ट्रांनी त्याला १९९९ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रातील स्त्री संघटनाही तो पाळतात. साल्सेदो प्रांताला २००७ पासून या भगिनींचे नाव आहे. बहिणींची मुले वाढवणाऱ्या देदेने त्यांच्या घराचे संग्रहालय केले व अनेक वर्षे ती स्वतः तेथे आलेल्यांना बहिणींची कथा सांगत असे.