मूठ आवळणं वेगळं, बोटं मजबूत होणं वेगळं

हाताची ताकद वाढवायची म्हटलं की बहुतेक जण एक स्प्रिंगवालं ग्रिपर नाहीतर मऊ बॉल आणतात आणि टीव्ही बघता बघता दाबत बसतात, आणि डोक्यात असं असतं की याने ग्रिपही वाढतेय आणि बोटंही मजबूत होतायत, एकच तर गोष्ट आहे. मलाही तसंच वाटायचं. दीड महिना रोज ग्रिपर दाबलं, सुरुवातीला २० वेळा जमायचं ते १०० वर गेलं, पण घरातलं एक जाम झालेलं कुलूप उघडताना किल्लीवरून अंगठा घसरायचा तो घसरतच राहिला. वरून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली, इतकी की भरलेला मग उचलला तरी कळ यायची. मग फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर कळलं की मी एकाच गोष्टीचा व्यायाम करत होतो आणि दुसरीची वाट बघत होतो.

हा फरक वाचून कळण्यापेक्षा हाताला लवकर कळतो, म्हणून आत्ताच करून बघा. डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला ठेवा आणि उजवी मूठ हळूहळू घट्ट आवळा. हालचाल बोटांची होतेय पण फुगतंय ते कोपराजवळचं मांस, जाणवेल लगेच. आता मूठ सोडा आणि अंगठ्याने तर्जनीच्या कडेला असं दाबा जसं किल्ली धरतो. या वेळी अंगठा आणि तर्जनीच्या मधली जी जाडसर जागा आहे ना, तिथे हाताच्या मागच्या बाजूने एक गोळा टरटरून वर येतो. पहिलं काम झालं ते ग्रिपचं आणि दुसरं बोटांचं, ताकद दोन वेगळ्या ठिकाणांहून आली.

यामागे शरीराची रचना आहे. आपल्या बोटांमध्ये बोटं वाकवणारे स्नायू नसतातच. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा, म्हणजे टेंडन, बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे, त्यातून अशा ९ कंडरा आणि त्यांच्यासोबत एक महत्त्वाची नस जाते. मूठ आवळणं, दांडा घट्ट धरणं, पिशवी उचलून चालणं, टॉवेल पिळणं ही सगळी मुख्यतः या लांब स्नायूंची कामं. तळहातात मात्र वेगळे छोटे छोटे स्नायू असतात, काही अंगठ्याच्या बुडाशी, काही करंगळीच्या बाजूला, काही हाडांच्या मधे. चिमटीत धरणं, बटण लावणं, किल्ली फिरवणं, पेन सांभाळणं, बोटं एकमेकांपासून लांब नेणं आणि जवळ आणणं यात त्यांचा मोठा वाटा. ग्रिपर दाबताना अंगठा जवळजवळ नुसता एका दांड्याला टेकून उभा असतो, म्हणून १०० वेळा दाबूनही माझ्या किल्लीला काही फायदा झाला नाही.

आणि एक तिसरी बाजू, जी सगळेच विसरतात, ती म्हणजे बोटं उघडणं. हे स्नायू हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या बाहेरच्या हाडापासून निघतात. आता गंमत अशी की मूठ आवळताना हे पण काम करत असतात. विश्वास नसेल तर मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून बघा, मुठीत ताकदच येत नाही, बोटं धड मिटत पण नाहीत. मूठ घट्ट बसायला मनगट सरळ किंवा किंचित मागे राहावं लागतं आणि तसं धरून ठेवायचं काम हे मागचे स्नायू करतात. म्हणजे तुम्ही १०० वेळा ग्रिपर दाबलं की ते पण १०० वेळा मनगट धरून ठेवतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या कोपराची बाहेरची बाजू दुखली ती यामुळेच, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात तो टेनिसला हातही न लावता होतो तो असा.

म्हणून काही लोक सांगतात की उघडणारे आणि मिटणारे स्नायू सारखेच ताकदवान करा, ते मला पटत नाही. मिटणारे मुळातच कितीतरी जास्त ताकदीचे असतात आणि तसेच असायला हवेत, सगळं आयुष्य आपण वस्तू धरतो. उघडणाऱ्यांना दुर्लक्षित ठेवायचं नाही, एवढंच.

घरी करायचं तर मूठ आणि बोटं यांची कामं वेगवेगळी करा. मुठीसाठी बॉल, ग्रिपर, थेरपी पुट्टी (हाताच्या व्यायामासाठी मिळणारा, कणकेसारखा दाबायचा गोळा) किंवा गुंडाळलेला टॉवेल काहीही चालेल. यात एक बारकावा आहे, स्प्रिंगचं ग्रिपर जसजसं बंद होतं तसतसं जड होत जातं, म्हणजे सगळ्यात जास्त जोर शेवटच्या इंचात लागतो जिथे बोटं आधीच पूर्ण वाकलेली असतात, आणि लोक नेमके तिथेच दात-ओठ खाऊन मनगट वाकवतात. पुट्टी किंवा मऊ बॉल तसा अचानक अंगावर येत नाही म्हणून नवीन माणसाने त्यानेच सुरुवात केलेली बरी. कोपर अंगाजवळ, मनगट सरळ, दाबा, २-३ सेकंद धरा आणि मग हळू सोडा. हळू सोडणं महत्त्वाचं आहे, फटकन सोडलं तर अर्धा व्यायाम वाया जातो. आणि श्वास रोखायचा नाही, जोरात आवळून श्वास धरला की तेवढ्या वेळात ब्लड प्रेशर चांगलंच वर जातं.

बोटांसाठी घरात पडलेल्या वस्तूच पुरतात. कपडे वाळत घालायचा चिमटा अंगठा आणि एका बोटाच्या पेरामध्ये धरून उघडा, मग पुढचं बोट, असं करंगळीपर्यंत जा. करंगळीला जमणार नाही, तिथे जोर करू नका. दुसरं, दोन बोटांच्या मध्ये कागद धरा आणि दुसऱ्या हाताने तो ओढा, बोटांनी तो सुटू द्यायचा नाही, बोटं सरळच ठेवायची. हे इतकं साधं दिसतं की लोक हसतात पण ३० सेकंदांत तळहातात आत कुठेतरी थकवा येतो, तोच तो छोटा स्नायू. तिसरं उघडण्याचं, पाचही बोटांची टोकं एकत्र आणून त्यांच्याभोवती रुंद रबर बँड लावा आणि फूल उमलल्यासारखी बोटं बाहेर पसरा. बँड पातळ आणि घट्ट नको, टोकं निळसर किंवा पांढरी पडली तर लगेच काढा, आणि जुनं तडकलेलं रबर वापरू नका, तुटून थेट डोळ्याकडे येतं.

आता वाढवायचं कसं, इथे दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि मला वाटतं सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मुठीचा जोर हळूहळू वाढवता येतो, आधी १०-१५ वेळा आरामात जमेल एवढाच रेझिस्टन्स, २-३ सेट, आठवड्यात २-३ दिवस, मधे एक-दोन दिवस सुट्टी, आणि १५ सहज व्हायला लागले की मगच थोडा जड. चिमटीच्या व्यायामाला मात्र हा नियम लावू नका. चिमटीची ताकद मुळातच मुठीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी असते, आणि चिमटीच्या टोकाला १ किलोचा दाब दिला की अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो असं मोजून काढलेलं आहे. म्हणून जड चिमटा शोधत बसू नका, हलकाच ठेवा, वेळा वाढवा. ज्यांचा तो सांधा आधीच दुखतो, बरणीचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, त्यांनी चिमटीचा व्यायाम स्वतःच्या मनाने करूच नये.

स्नायू काही आठवड्यांत ताकदवान वाटायला लागतात पण कंडरा त्यांच्या मागून सावकाश येतात, त्यांना महिने लागतात. सहाव्या आठवड्यात जे वाटतं ना, आता जमतंय, वाढवूया, तोच धोक्याचा काळ. मी नेमका तेव्हाच १०० वर गेलो होतो.

दुखण्यात पण फरक ओळखायला शिका. दुसऱ्या दिवशी हाताच्या मधल्या मांसल भागात जडपणा, दाबल्यावर हलकं दुखणं, दोन-तीन दिवसांत जाणारं, हे थकलेल्या स्नायूचं दुखणं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण दुखणं एका बोटभर जागेवर असेल, कोपराच्या हाडावर किंवा मनगटात किंवा बोटाच्या मुळाशी, आणि कप उचलतानाही येत असेल तर थांबा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या किंवा बधिरपणा, खासकरून रात्री, ही त्या बोगद्यातल्या नसेची तक्रार. करंगळी आणि अनामिका बधीर होत असतील तर ती वेगळी नस, कोपराच्या मागून येणारी. आणि सकाळी उठल्यावर एखादं बोट वाकलेलं अडकतं आणि खटकन सुटतं असं झालं तर आवळायचे सगळे व्यायाम बंद, कारण त्या बोटाची कंडरा तिच्या अरुंद वाटेतून नीट सरकत नाहीये आणि आपण तिलाच पुन्हा पुन्हा घासतोय.

मुठीच्या ताकदीची आणि आयुष्याची सांगड घालणाऱ्या बातम्या खूप फिरतात, त्यामुळे पण गोंधळ वाढलाय. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात ज्यांची मूठ कमजोर त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण तिथे मूठ हा सगळ्या शरीराच्या ताकदीचा एक मोजमापाचा आकडा होता, नुसतं ग्रिपर दाबून आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. आणि मोजली होती ती मूठ, बोटं नव्हे.

मी आता ग्रिपर आठवड्यातून दोनदाच धरतो, चिमटा आणि कागद तीनदा, रबर बँड जवळजवळ रोज पण हलका, आणि सुरू करण्याआधी कोमट पाण्यात हात ठेवून २० वेळा नुसती मूठ उघडमीट. हाताचं नुकतंच ऑपरेशन झालंय, हाड मोडून जुळतंय, संधिवाताने बोटं सुजून गरम झालीयेत किंवा ब्लड प्रेशर आटोक्यात नाही अशांनी आधी डॉक्टर किंवा फिजिओला हात दाखवून मगच सुरुवात करावी, आणि दाखवताना मूठ करून, चिमटी करून आणि बोटं पसरून अशा तिन्ही गोष्टी करून दाखवाव्यात.