पात्राचं चित्र, नटाचं चित्र

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी इथल्या तरुण चित्रकारांनी आपली अलीकडची कामं मांडली, की त्यात सिनेमातल्या पात्रांचा वाटा हमखास असतो. दोन-चार निसर्गचित्रं, एखाददुसरं मुखपृष्ठ, वाटेवरचा वारकरी आणि त्यांच्या शेजारी कुठल्यातरी गाजलेल्या सिनेमातला खलनायक, फौजदार नाहीतर पांढऱ्या साडीतली आई. बघणाऱ्यांची दाद ठरलेली असते: ‘हुबेहूब!’ चित्रकाराला ती सुखावते आणि थोडी बोचतेही, कारण त्याने काढलेलं असतं पात्र आणि दाद मिळते नटाच्या चेहऱ्याला. मराठवाड्यात पात्रं रंगवण्याचा रिवाज सिनेमाच्या कितीतरी आधीचा आहे. चेहरा तंतोतंत जुळला पाहिजे ही अपेक्षा त्यामानाने कालपरवाची.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, गोष्ट भिंतभर पसरली आहे. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं हे काम. दानशूर राजपुत्र विश्वंतर एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा भेटतो. कधी महालात, कधी नगराबाहेर पडताना, कधी वनात. मधे चौकटी नाहीत, मजकूर नाही. बघणाऱ्याने त्याला ओळखायचं ते मुकुटावरून, अंगकांतीवरून, बसण्या-उभं राहण्याच्या ढबीवरून आणि सोबतच्या पत्नीवरून, माद्रीवरून. अॅनिमेशनवाले आज ‘कॅरेक्टर शीट’, म्हणजे एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ढबींचा तक्ता, करतात तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न असतो. याच कथेत विश्वंतराकडे त्याची मुलंच दान मागणारा जूजक आहे. राजपुत्राचा चेहरा आदर्श साच्यातला, पण जूजकाला चित्रकाराने बोकडदाढी दिली, वेडेवाकडे दात दिले. सज्जन साच्यातून काढावा आणि दुर्जनावर हात मोकळा सोडावा, ही खोड चित्रकारांना तेव्हापासून आहे. आजही खलनायकाचं चित्र नायकाच्या चित्रापेक्षा जमून येतं, हे कुठल्याही चित्रकाराची वही चाळली तरी दिसेल.

त्यानंतरचा मुक्काम पैठण. चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींच्या ज्या पोथ्या ‘पैठण चित्रं’ म्हणून ओळखल्या जातात, त्यांचे मोठे संच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत; या परंपरेची दुसरी शाखा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत अजून जिवंत आहे. चित्रकथी गावोगाव फिरायचे. सुटी पानं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, बोचक्यात बांधलेली. एक पान श्रोत्यांसमोर धरायचं, त्यावरची हकिगत गाऊन-सांगून संपवायची, की पुढचं पान. रामायण-महाभारत तर होतंच, पण अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहन अशा आडवाटेच्या कथांना या पोथ्यांत भरघोस जागा मिळाली.

या चित्रांतल्या आकृती पानभर मोठ्या, चेहरे बाजूने काढलेले, डोळा टपोरा, रेघ जाड, रंग सपाट. छायाप्रकाश नाही, अंतराचा भास नाही. रात्री दिवटीच्या उजेडात, घोळक्यातल्या शेवटच्या माणसालाही ‘हा राक्षस, हा राजा’ हे कळलं पाहिजे, एवढी गरज त्यामागे होती. ती भागली, की नाक कुणासारखं आहे याची पंचाईत कुणालाच नव्हती. पात्राला चेहरा होता, पण तो कुठल्या जिवंत माणसाकडून उसना घेतलेला नव्हता. मला ही चित्रं अजिंठ्याइतकीच मोलाची वाटतात. पैठण म्हटलं की साडीच डोळ्यांपुढे येते आणि पोथ्या मागे पडतात, हे थोडं अन्यायाचंच आहे.

तंतोतंतपणाचा आग्रह इकडे शिरला तो इंग्रजांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकलांबरोबर. १८१९ मध्ये अजिंठा पुन्हा उजेडात आल्यानंतर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथे राहून तैलरंगांत नकला करू लागला; त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं खपले, आणि त्याही कामाचा मोठा भाग १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाला. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने पुढे लेण्यांची देखभाल हैदराबादकडे आली, आणि १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅमने केलेल्या नकलांच्या कामात नंदलाल बोस यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमदही होते. समोर आहे ते रेघेला रेघ जुळवून उतरवायचं, ही शिस्त चित्रशाळांनी अशी पक्की केली.

दुसरीकडे छापखाना आला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि देवदेवतांना मांसल अंग, रेशमी साड्या आणि ओळखीचे वाटावेत असे चेहरे मिळाले. या छापखान्याच्या कामात हात बसलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा छापील चित्रातली पुराणपात्रंच पडद्यावर चालू लागली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी सिनेमाची सचित्र पोस्टरं केली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज हाती असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांत गणलं जातं.

मग एक वेगळीच गोष्ट घडली, तिचे धागे थेट मराठवाड्याच्या संतभूमीशी जुळतात. प्रभात कंपनीने १९३५ च्या ‘धर्मात्मा’त पैठणच्या एकनाथांची भूमिका बालगंधर्वांना दिली, १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस आले आणि १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये शाहू मोडक. त्यांतल्या पागनीसांचं रूप लोकांनी इतकं मनावर घेतलं, की पुढे पुष्कळ घरांत तुकोबांची तसबीर म्हणून पागनीसांचीच छबी दिसू लागली. नटाचा चेहरा संताला चिकटला आणि देव्हाऱ्यात जाऊन बसला. बालगंधर्वांच्या एकनाथांना मात्र हे भाग्य लाभलं नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांत त्यांचं नाटकातलं स्त्रीरूप एवढं घट्ट होतं, की पुरुषवेशातला संत त्यावर टिकला नसावा, असा माझा अंदाज.

पोस्टर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांच्या जगात मराठवाड्याला जवळचं नाव म्हणजे एस. एम. पंडित. जन्म १९१६ चा, गुलबर्ग्याचा. गुलबर्गा तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे उमरगा-धाराशिवचं शेजारघर. ‘फिल्मइंडिया’ मासिकाची त्यांची मुखपृष्ठं आणि नंतरची पौराणिक कॅलेंडरं यांनी नटनट्यांना देवांची कांती दिली आणि देवांना नटांची. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांनी दिवाळी अंकांतून तोच गुळगुळीतपणा मराठी घरांत पोचवला. मुळगावकरांच्या फवाऱ्याने रंग उडवून केलेल्या कामाची नक्कल करण्यात मराठवाड्यातल्याही कितीतरी हौशी पोरांच्या सुट्ट्या गेल्या असतील.

मोठ्या बॅनरांचं काम वेगळ्या धाटणीचं. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सुरुवातीला सिनेमाचे फलकच रंगवत होते. हाती एक छोटा ‘स्टिल’ फोटो, त्यावर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी वीस-वीस फुटांच्या कापडावर, आणि एकेक चौकट मोठी करत जायची. जवळून पाहिलं तर नुसते निळे-तांबडे फटकारे, रस्त्यापलीकडून बघितलं तर डोळ्यांत पाणी आलेला नायक. साठ-सत्तरच्या दशकांत दिवाकर करकरे यांनी पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या सुरीने, दिलेल्या जाड थरांनी रागीट चेहऱ्यांची जी शैली रूढ केली, तिचा ठसा जिल्ह्याच्या गावांपर्यंत उमटला.

या गावांत ‘पेंटर’ हा स्वतंत्र मनुष्यविशेष होता. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचा मोर, निवडणुकीच्या भिंती, शाळेतले सुविचार आणि दिवंगत आजोबांची पासपोर्ट फोटोवरून वाढवलेली तसबीर, सगळं एकाच हातचं. निजामी राज्यात कारभार उर्दूतून चाले, त्यामुळे जुन्या पेंटरांपैकी काहींच्या हाताला दोन्ही लिप्यांचं वळण होतं. टॉकीजवाला बोलवायचा तेव्हा तो बॅनर रंगवायचा. जत्रांमधून तंबूतला सिनेमा फिरे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या फडांचे रंगीत फलक लागत. या मंडळींनी बहुतेकदा सिनेमा पाहिलेलाच नसे. तो लागायच्या आधीच बॅनर तयार हवा असे. हाती दोन फोटो आणि ‘मारामारी आहे, हिरोईन रडते’ एवढी माहिती; बाकीचं पात्र पेंटरच्या डोक्यातून यायचं. त्यामुळे बॅनरवर नायकाच्या कपाळातून रक्त वाहायचं आणि सिनेमात त्याला साधं खरचटलेलंही नसायचं.

२००० नंतरच्या दशकात फ्लेक्स आला आणि काही वर्षांतच हा धंदा बसला. आठवड्याचं काम तासाभरात छापून मिळू लागलं. पेंटरांपैकी कुणी रेडियमचे स्टिकर कापू लागलं, कुणी फ्लेक्सच्याच दुकानात संगणकावर बसलं, कुणी शाळेत कलाशिक्षक झालं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या वर्गांमुळे निदान हात शाबूत राहिले.

सिनेमाच्या पात्रांचं चित्र मग धंद्यातून सुटलं आणि हौसेत आलं. पेन टॅब्लेट स्वस्त झाले, बोटाने रंगवायची अॅप आली, आणि तालुक्याच्या गावातली मुलगी रात्री सिनेमा बघून सकाळी त्यातली आजी रंगवू लागली. मला यातला खरा बदल साधनांच्या पलीकडचा वाटतो. वितरकाने सांगितलं म्हणून पेंटर रंगवायचा, कथा सांगायची म्हणून चित्रकथी. आजच्या चित्रकाराला कुणी काम दिलेलं नसतं. सिनेमा पाहून झाल्यावर, त्याला जे पात्र टोचलं तेच तो काढतो. तिकिटविक्रीसाठी नायकच हवा ही सक्ती नसल्याने चहावाला, हवालदार, शेजारीण यांनाही पहिल्यांदाच स्वतंत्र कागद मिळतो आहे.

मात्र ही चित्रं छापून विकायला काढली, की जुने मालक दारात उभे राहतात. सिनेमावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्मात्याचा हक्क असतोच. शिवाय दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या अर्जांवर त्यांचं नाव, चेहरा, आवाज परवानगीविना धंद्यासाठी वापरायला मनाई केली. त्यामुळे म्हणा किंवा कंटाळ्यामुळे म्हणा, चेहरा गाळून पात्र दाखवण्याची रीत वाढली आहे: नुसता चष्मा, नुसती पाठ, खांद्यावरचं घोंगडं आणि हातातली काठी. कायद्यापासून एवढ्याने पूर्ण सुटका होईल असं नाही, कारण ठळक पात्राच्या ओळखीवरही निर्माता दावा सांगू शकतो. पण अशा चित्राखाली कुणाला ‘हुबेहूब’ लिहिता येत नाही. पात्र कोण ते आधी ओळखावं लागतं.