झाडीपट्टी रंगभूमी : आश्रय, आक्षेप आणि व्यत्यय

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानपट्ट्यातील जिल्ह्यांत दिवाळीनंतर होळीच्या सुमारापर्यंत चालणारी रात्रभराची नाटके म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी होय. दंडार व खडी गंमत या लोककलांच्या परंपरेतून ती घडली असून देसाईगंज (वडसा) हे तिचे व्यावसायिक केंद्र आहे. येथील अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या रंगभूमीचा आश्रयदाता कोणी उद्योगसमूह नसून गाव असतो. गावचे मंडळ वडशाच्या नाट्यसंस्थेला इसार देऊन तारीख पक्की करते, मैदान व मंडप उभारते, तिकिटे विकते आणि शिल्लक राहिलीच तर ती मंदिर, शाळा अशा गावकामी लावते. संस्थेचा मोबदला आधीच ठरलेला असल्यामुळे अवकाळी पाऊस आला किंवा ऐनवेळी प्रमुख नट आला नाही, तर पहिला फटका मंडळालाच बसतो. मग रक्कम कमी करायची, की दुसरी तारीख घ्यायची, याचा निकाल बहुधा तोंडी बोलणीवरच लागतो. पुढच्या वर्षीही याच गावात यायचे आहे, ही जाणीव तेथे लेखी करारापेक्षा प्रभावी ठरते.

आक्षेपांचे मूळ बहुतांशी नाटकाला जोडलेल्या नृत्यांत असते. ती अश्लील होत असल्याची टीका जुनी आहे. मात्र तिकीटविक्रीसाठी त्यांची मागणी करणारे आणि नंतर नाक मुरडणारे पुष्कळदा एकाच गावातले असतात, हेही नमूद करायला हवे.

कायद्याची अडचण वेगळीच आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई असून, राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतच सवलत देऊ शकते. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या नाटकाला हे गणित मानवणारे नाही.

बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि त्या रात्रीचे नाटक ही येथील जुनी जोडी. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने पट बंद झाले, तरी नाटके गावोगावी होतच राहिली. शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. करोनाकाळात मात्र गर्दीवरच निर्बंध आल्याने नट, वादक, पडदेवाले आणि मंडपवाले या सर्वांचीच कमाई एकदम थांबली.