खांद्याचा संधिवात आणि 'फ्रोझन शोल्डर': जुना घोळ

हात वर जात नाही, ब्लाउजचे मागचे हूक लागत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. आपल्याकडे या सगळ्याला नाव एकच, संधिवात. नाहीतर 'खांदा धरलाय'. ऑपरेशनशिवाय काय करायचे हा प्रश्न आधी या नावापाशीच अडतो.

खांद्याभोवतीचा मऊ भाग सुजून हात जखडतो, असे पॅरिसच्या एका शल्यविशारदाने १८७२ मध्ये मांडले. क्ष-किरण आले १८९५ मध्ये. तोवर दुखणे सांध्यातले की सांध्याभोवतीचे, हे बघायची सोयच नव्हती. १९३४ मध्ये बोस्टनच्या एका डॉक्टरने 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिले आणि पुढे ते कुठल्याही आखडलेल्या खांद्याला चिकटत गेले.

यात पेशंटचे नुकसान होते. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याचे आवरण आक्रसते, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, शाबूत राहते. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो आणि बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत बराच सुटतो. झिजेच्या संधिवातात कूर्चाच जाते, हाडावर हाड घासते. गेलेली कूर्चा परत येत नाही. तरी 'दोन वर्षांत आपोआप सुटेल' हा दिलासा दोघांनाही मिळतो, आणि हात जोर लावून ताणायचा सल्लाही. झिजलेला खांदा त्याने आणखी चिडतो. कोपर अंगाला टेकवून हात बाहेर फिरवायला सांगितला तर दोघांचाही अडतो, त्यामुळे नुसत्या तपासणीत फसगत होते. साधा एक्स-रे बहुतेक वेळा निकाल लावतो.

लंबकाचा व्यायामही त्याच बोस्टनच्या डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. चांगला हात टेबलावर टेकवून वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला छोटे गोल काढू द्यायचे. खांद्याने जोर करायचा नाही.

१९५१ पासून स्टेरॉइडची सुई थेट सांध्यात देऊ लागले. आराम काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा. आणि पुढच्या तीन महिन्यांत सांधा बदलायचा असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने ती टाळतात. नंतर आले 'वंगणाचे इंजेक्शन', म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली ती गुडघ्यासाठी. खांद्यात ते त्या मान्यतेबाहेरच वापरले गेले. २०२० मध्ये तिथल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत भक्कम पुराव्यानिशी सांगितले, की झिजलेल्या खांद्याला त्याचा फायदा होत नाही.