शाकेद आणि शोकेद (यिर्मया १:११-१२)

हिब्रू बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात अगदी आरंभी आलेली शब्दजोडी. यिर्मया हा यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झाले. परमेश्वर विचारतो, तुला काय दिसते? तो सांगतो, बदामाची डहाळी. त्यावर उत्तर येते : बरोबर पाहिलेस, कारण माझा शब्द खरा करायला मी जागा आहे. मराठीत वाचताना या ‘कारण’पाशी ठेच लागते. बदामाचा जागण्याशी काय संबंध?

संबंध कानाला कळतो. बदाम म्हणजे ‘शाकेद’, आणि जागा राहणारा, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा तो ‘शोकेद’. लिहिताना दोन्हीकडे शीन, कोफ, दालेथ ही तीनच व्यंजने येतात. स्वरचिन्हे मसोरा परंपरेच्या, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या, पंडितांनी कित्येक शतकांनंतर घातली. त्याआधीच्या पोथीत हे दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसत. मोडी वाचणारा ऱ्हस्व-दीर्घ संदर्भावरून ठरवतो, तसाच इथला वाचक स्वर ठरवी.

बदामाला हिब्रूत ‘लूझ’ असाही शब्द आहे. तो बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात येतो. इथे तो वापरला असता तर संवादाचा कणाच मोडला असता. इस्राएलमध्ये हिवाळा सरता सरता, इतर झाडे निष्पर्ण असतानाच बदाम फुलतो. म्हणून ‘जागे झाड’ हे त्याला शोभते. पण झाडाचे नाव ‘जागणे’ या अर्थाच्या धातूवरूनच पडले, असे छातीठोकपणे म्हणू नये. अक्कादी आणि उगारिती या हिब्रूच्या प्राचीन भगिनीभाषांतही बदामाला याच्याशी मिळतेजुळते शब्द आहेत. श्लेषाला समान व्युत्पत्ती लागत नाही, समान ध्वनी पुरतो. शब्दाचा अर्थ धातूवरून नव्हे तर वापरावरून ठरवावा, हा बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये दिलेला इशारा इथे तंतोतंत लागू पडतो.

म्हणून ‘शोकेद’मागच्या क्रियापदाचा वापर पाहावा. स्तोत्र १२७ मध्ये ते नगराच्या पहारेकऱ्यासाठी येते. यिर्मया ५:६ मध्ये गावांवर टपून बसलेल्या चित्त्यासाठीही तेच आहे. तेव्हा ‘जागा आहे’ हे निव्वळ दिलासा देणारे वाक्य नाही. त्यात धाकही आहे.

भाषांतरकारांची इथे कसोटी लागते. सेप्तुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात झाड राहिले, श्लेष गेला. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने उलट केले : ‘जागती काठी’ लिहून श्लेष राखला आणि बदाम गमावला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपुढेही हीच अडचण होती, कारण मराठीत ‘बदाम’ आणि ‘जागा’ कुठेच जुळत नाहीत. अशा जागी तळटीप देणे हाच मला प्रामाणिक मार्ग वाटतो.

ज्यू परंपरेत हा अध्याय १७ तम्मूझच्या उपवासानंतरच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, वाचतात (तम्मूझ आणि आव हे ज्यू पंचांगातले लागोपाठचे महिने). त्या उपवासापासून यरुशलेमच्या मंदिरदहनाच्या ९ आवपर्यंत २१ दिवस होतात. बदाम फुलल्यापासून पिकेपर्यंतही २१ दिवस लागतात, असा जुना मिद्राश (शास्त्रवचनाचे पारंपरिक ज्यू विवरण) राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराने या वचनावरील भाष्यात दिला आहे. प्रत्यक्षात बदाम पिकायला काही महिने जातात. पण त्या डहाळीत नाशाची मुदत वाचली गेली, हे त्यातून दिसते. यिर्मया ३१:२८ मध्ये मात्र तेच क्रियापद दोनदा येते : उपटायला आणि पाडायला जसा जागलो, तसा बांधायला आणि लावायला जागेन.