टीव्हीमागचे दोन काळे डबे

टीव्ही बॉक्स आणि मिनी पीसी. दोन्ही काळे, चौकोनी, टीव्हीमागे दडवता येतील एवढे. म्हणूनच घोटाळा होतो: पीसीवरचा ‘हॉलो नाइट’ हा गेम टीव्हीवर खेळायचा म्हणून कुणीतरी टीव्ही बॉक्स आणतो आणि प्ले स्टोअर धुंडाळत बसतो.

टीव्ही बॉक्स म्हणजे मुळात पडदा नसलेला मोबाइल. आर्म प्रोसेसर, वर अँड्रॉइड; पीसीचे गेम त्यावर थेट चालत नाहीत. त्यातही टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये टीव्हीसाठी तयार केलेलेच गेम दिसतात, त्यामुळे फोनवर असलेला गेम तिथे मिळेलच असं नाही. शाओमीचा मी बॉक्स 2020 मध्ये भारतात 3,499 रुपयांना आला, तेव्हा त्यात स्टोरेज होतं 8 जीबी. पीसीवरचा ‘हॉलो नाइट’ 9 जीबी मागतो. म्हणजे चालला असता तरी मावला नसता!

घरात आधीच बरा पीसी असेल तर मात्र बॉक्स पुरतो. त्यावर स्टीम लिंक हे अ‍ॅप टाकायचं (स्टीम म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान). गेम पीसीवर चालतो, चित्र टीव्हीवर येतं. पीसीला लॅनची वायर लावा, नुसत्या वायफायवर चित्र अडखळतं.

पीसी नसेल तर माझं मत सरळ आहे: ऑफिसांतून निघालेला जुना मिनी पीसी घ्या. लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी, असे मुंबईत लॅमिंग्टन रोडला भरपूर दिसतात. हा खराखुरा कंप्युटर, त्यामुळे स्टीमवरचे गेम थेट चालतात. ‘सेलेस्ट’ या गेमला तर 2 जीबी रॅम पुरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ थ्रीडी आहे, तिथे मात्र या मिनी पीसीला धाप लागेल.

घेताना मागची बाजू आधी बघा. मी बघितली नव्हती. घरी आल्यावर कळलं की टीव्हीला लागणारं एचडीएमआय नाहीच, दोन्ही पोर्ट वेगळ्याच प्रकारचे, डिस्प्लेपोर्ट. टीव्ही, गेम, कंट्रोलर सगळं तयार, आणि एका केबलसाठी संध्याकाळ गेली. ऑफिसच्या मशीनमध्ये वायफायचं कार्डही पुष्कळदा नसतं. पॉवर अडॅप्टर सोबत आहे ना, तेही विचारा.

रॅमचं गणित वेगळं. यात ग्राफिक्स कार्ड नसतं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. म्हणून 8 जीबीच्या एका पट्टीपेक्षा 4-4 च्या दोन पट्ट्या बऱ्या. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, सेमच आहे’. बेरीज सेम आहे, वेग नाही.

इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी मिळाली तर विंडोज 11 रीतसर चालतं. सहावी-सातवी स्वस्त पडते, पण विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. तिथे विंडोजऐवजी लिनक्स टाका; स्टीमचं प्रोटॉन विंडोजचे बहुतेक इंडी, म्हणजे छोट्या स्टुडिओंचे, गेम त्यावर चालवतं.

आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा. नाहीतर उडीचं बटण दाबल्यावर पात्र क्षणभर उशिरा उडतं, आणि ‘सेलेस्ट’मध्ये तेवढ्यात ते काट्यांवर पडलेलं असतं.